तार दोन बोटं कमी पडली, आता काय?

जुना स्विचबोर्ड बदलायला घेतला, वरची पट्टी काढली, आणि भिंतीतल्या पेटीत तारांची जेमतेम दोन बोटं लांब टोकं दिसली. नवा सॉकेट जरा बाहेर धरला तर तार पोचत नाही, आत सरकवला तर स्क्रू पिळायला हात जात नाही. घरातलं वायरिंग ज्याने कधी उघडून पाहिलंय, त्याला हे चित्र ओळखीचं असेल. पेटी तीच असते, तारा त्याच असतात. पण दर वेळी नवा स्विच बसवताना कुणीतरी काळवंडलेलं टोक छाटतो, पुढचं सोलतो आणि तार सेंटिमीटरभर आखूड करून जातो. चार-पाच वेळा असं झालं की तारेत द्यायला काही उरत नाही.

मग सगळ्यात सोपा वाटणारा उपाय सुचतो. तारेचा एक तुकडा घ्यायचा, टोकं सोलायची, एकमेकांवर पिळायची, वरून काळी टेप गुंडाळायची. बटण दाबलं की दिवा लागतो, म्हणजे काम झालं असं वाटतं. मला या लेखात याच क्षणाबद्दल बोलायचं आहे, कारण दिवा लागला एवढ्यावरून जोड चांगला झाला हे अजिबात कळत नाही. आखूड तार वाढवण्यात गैर काही नाही. नीट केलेला जोड तारेइतकाच भरवशाचा असतो. फक्त त्या जोडाला नेमकं काय लागतं ते आधी समजून घ्यायला हवं. ते एका शब्दात सांगता येतं: दाब. दोन धातू एकमेकांवर घट्ट दाबलेले राहिले पाहिजेत, आणि तो दाब पुढची वीस-तीस वर्षं टिकला पाहिजे. टेप हा दाब देत नाही. टेप फक्त झाकते.

दोन तारा खरोखर किती टेकतात

तांब्याची तार सोलली की आतून गुळगुळीत, चकचकीत दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तोच पृष्ठभाग डोंगरदऱ्यांसारखा असतो. अशा दोन तारा एकमेकींना टेकवल्या की फक्त शिखरं शिखरांना लागतात, बाकी मध्ये हवाच असते. सगळा करंट त्या मोजक्या ठिपक्यांमधून वाट काढतो. दाब दिला की शिखरं चेपतात, ठिपके रुंद होतात, नवे ठिपके तयार होतात आणि करंटची वाट मोकळी होते. दाब ओसरला की ठिपके कमी होतात, राहिलेले तापतात, तापलेल्या तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळा थर चढतो, आणि तो थर करंटला आणखी अडवतो. एकदा हे चक्र सुरू झालं की जोड आपोआप सुधारत नाही, बिघडतच जातो.

आकडे घालून पाहू. घरातल्या सॉकेटसाठी साधारण ‘अडीचची’ तार वापरतात, म्हणजे जिच्यातल्या तांब्याचा छेद २.५ चौरस मिलिमीटर आहे ती. (बोलताना सगळे ‘अडीच एमएम’ म्हणतात, पण तो व्यास नाही, क्षेत्रफळ आहे.) या तारेचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलिओम. म्हणजे तुम्ही जोडणार असलेला १५ सेंटिमीटरचा तुकडा जेमतेम १ मिलिओमची भर घालतो. लांबी वाढल्याने काही बिघडत नाही, ती चिंता सोडून द्या. प्रश्न आहे तो तुकड्याच्या टोकाशी असलेल्या जोडाचा. ढिल्या, काळ्या पडलेल्या जोडाचा रोध ०.२ ओम धरू. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अडीचच्या तारेचे तब्बल २७ मीटर मोजले तर तेवढा रोध होतो. २७ मीटरांत पसरून जी उष्णता कुणाला जाणवलीही नसती, ती आता नखाएवढ्या जागेत निर्माण होते.

किती? २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेतो. उष्णता काढायची तर करंटचा वर्ग करायचा आणि त्याला रोधाने गुणायचं: ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.२, म्हणजे १५ वॅट. डाख देण्यासाठी वापरतात ती छोटी इस्त्री २५ वॅटची असते आणि ती कथिल वितळवते. तिच्या निम्म्याहून जास्त उष्णता टेपच्या गाठोड्यात, बंद पेटीत, भिंतीच्या आत साठत राहते. तारेवरचं नेहमीचं पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत सतत तापण्यासाठी बनवलेलं असतं. त्याच्या वर ते आधी मऊ होतं, मग वर्षानुवर्षं शेकून कडक आणि ठिसूळ होतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. ‘काही झालंच तर एमसीबी पडेल की’ असं आपण धरून चालतो. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, फक्त किती करंट जातोय ते पाहतो. खराब जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. आपल्या उदाहरणात जोडावर १.७ व्होल्ट खर्च होतात आणि गीझरला २३० ऐवजी २२८ व्होल्ट मिळतात. गीझरला फरक कळत नाही, एमसीबीलाही नाही. गळती पकडणारं आरसीसीबी ३० मिलिअँपिअर करंट भलत्या वाटेने गेला तर तुटतं. इथे करंट भलतीकडे जातच नाही, ठरलेल्या तारेतूनच जातो, त्यामुळे तेही गप्प. ठिणग्या ओळखणारी उपकरणं आता मिळतात आणि काही देशांत ती सक्तीची आहेत, पण तीही ठिणगी उडाली तरच बोलतात. नुसता तापत राहणारा जोड त्यांनाही दिसेलच असं नाही.

आणखी एक कपट आहे. तोच ०.२ ओमचा जोड पंख्याच्या तारेत असेल तर पंख्याचा करंट अर्धा अँपिअरसुद्धा नसतो. तिथे तयार होणारी उष्णता वॅटचा लहानसा अंश. असा जोड दहा वर्षं बिनबोभाट चालतो आणि सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसतो. मग एका थंडीत कुणीतरी त्याच सर्किटवर हीटर लावतो. करंट वीसपट झाला की उष्णता वीसपट होत नाही, चारशेपट होते. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा जोडाच्या बाजूचा पुरावा होत नाही. त्याच्यावर आजवर भार किती पडला, हे आधी विचारावं लागतं.

तांब्याच्या ढिल्या जोडात याहून विचित्र प्रकारही घडतो. ठिणगी पडत पडत तांब्याच्या ऑक्साइडचा एक मणी तयार होतो. हा ऑक्साइड जितका तापेल तितका करंट त्यातून सहज जातो, त्यामुळे करंट सगळा त्याच्यातूनच जाऊ लागतो आणि तो मणी निखाऱ्यासारखा धगधगतो. तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाऊ शकतं, आणि त्यासाठी फार मोठा करंटही लागत नाही. बाहेरून दिसतं काय? दिवा जरा लुकलुकतो, एवढंच.

आमच्या घरातला एक सॉकेट मी अशाच कारणाने उघडला होता. गीझरचा प्लग काढताना गरम लागायचा. आम्ही दोन हिवाळे प्लगला दोष दिला, एकदा प्लग बदललाही. शेवटी पट्टी काढली तेव्हा सॉकेट ठीक होता. त्याच्या मागे चार बोटांवर फेजचा जोड होता. त्यावरची टेप बोट लावताच कोळशाच्या पापुद्र्यासारखी सुटली. खालचं तांबं काळं पडलेलं, कडेला निळसर जांभळी झाक. जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटांपर्यंत लाल आवरण तपकिरी झालं होतं आणि वाकवताच त्याला आडव्या चिरा गेल्या. शेजारून जाणाऱ्या न्यूट्रलच्या आवरणावर त्या गाठीचा ठसा उमटला होता. दोन तारांमध्ये कागदाएवढं अंतर उरलं होतं. आणि पीळ अगदी सुबक होता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. ज्याने तो दिला त्याने हयगय केली नव्हती. फक्त नुसत्या पिळाने धरलेला दाब गरम-थंड होत होत हळूहळू निसटत गेला होता.

जोड टाळता आला तर उत्तम

तुकडा जोडायच्या आधी पाच मिनिटं शोधाशोध करा. पेटीच्या मागे किंवा बाजूच्या पाइपात तारेचा वेटोळा दडलेला असतो. हलक्या हाताने ओढून पाहा, कधी कधी वीतभर तार बाहेर येते. पाइप मोकळा असेल तर जुन्या तारेलाच नवी तार बांधून, जुनी ओढत नवी आत घ्यायची आणि बोर्डापासून बोर्डापर्यंत अखंड तार टाकायची. खर्च आणि मेहनत जास्त, पण जोडच नाही म्हणजे त्याची चिंताही नाही. आवरण ठिसूळ झालं असेल, वाकवताना चिरा पडत असतील, तर टोकाला तुकडा लावण्यात अर्थ नाही. ती तार बदलायलाच झाली आहे.

नवीन काम करत असाल तर हा प्रश्न उद्भवूच देऊ नका. अमेरिकेच्या वायरिंग नियमावलीत पेटीत प्रत्येक तारेची किमान ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर मोकळी लांबी ठेवायला सांगितलं आहे. तिथला नियम तुम्हाला लागू असो वा नसो, मोजमाप म्हणून ते चांगलं आहे.

जोडायचंच ठरलं तर

आधी वीज बंद, आणि ती खरंच बंद आहे याची खात्री. नुसता स्विच बंद करून चालत नाही, त्या सर्किटचा एमसीबी किंवा सरळ मेन बंद करा. घरात इन्व्हर्टर, जनरेटर किंवा सोलर असेल तर मेन बंद असूनही काही तारांत वीज असू शकते, ते वेगळं बंद करावं लागतं. एका पेटीत दोन वेगवेगळ्या सर्किटच्या तारा असणंही नवल नाही. तपासणी तीन टप्प्यांत करा: टेस्टर किंवा मीटर आधी चालू सॉकेटवर लावून तो काम करतो का पाहा, मग आपल्या तारांवर लावा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच बंद पडला तर? तो न पेटणं आणि वीज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमही पाहा. बऱ्याच ठिकाणी पक्क्या वायरिंगला हात लावायला परवानाधारक वायरमनच लागतो. तसं असेल किंवा हात डळमळत असेल तर त्याला बोलवा. हा लेख मग त्याने केलेला जोड कसा पाहायचा यासाठी उपयोगी पडेल.

तुकडा निवडताना जाडी मूळ तारेइतकी किंवा जास्त, कमी कधीच नाही. ‘इतकुसाच तर तुकडा आहे’ हे कारण चालत नाही. एमसीबी मूळ तारेच्या कुवतीवर ठरवलेला असतो, बारीक तुकड्याला तो ओळखत नाही. अडीचच्या तांब्याच्या तारेची कुवत ती कशी बसवली आहे यावर साधारण १९.५ ते २७ अँपिअर असते. तिला एकची तार जोडली तर एमसीबी पडण्याआधी ती एकची भाजून निघेल. रंगही तोच ठेवा. फेजच्या लाल तारेला काळा तुकडा जोडून पुढच्या माणसाला फसवू नका.

आता मुख्य गोष्ट, दाब कशाने द्यायचा.

आज घरगुती कामासाठी मला सगळ्यात निर्धास्त वाटतो तो लिव्हरचा कनेक्टर. पारदर्शक प्लास्टिकचा अंगठ्याएवढा ठोकळा, त्याला दोन, तीन किंवा पाच भोकं आणि प्रत्येक भोकावर एक छोटी रंगीत लिव्हर. आत पोलादी स्प्रिंग असते आणि ती तारेला धातूच्या पट्टीवर दाबून धरते. वागो या जर्मन कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला, त्यामुळे अनेक जण कोणत्याही अशा कनेक्टरला ‘वागो’च म्हणतात. स्प्रिंगचं मर्म असं की तार तापून फुगली, थंड होऊन आक्रसली, तरी स्प्रिंग तिच्या मागोमाग जाते. दाब सुटत नाही. स्क्रूला हे जमत नाही. तो जिथे थांबवला तिथेच थांबतो, आणि खालचं मऊ तांबं हळूहळू सरकलं की तो ढिला पडतो.

बसवायची रीत साधी, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. तार ११ मिलिमीटर सोला. बहुतेक कनेक्टरवर ही लांबी खुणेने दाखवलेली असते, तीच खरी मानायची. कमी सोलली तर आवरणच पकडीत येतं, जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर राहतं. सोलायला स्ट्रिपर वापरा. ब्लेड तारेभोवती गोल फिरवलं की तांब्यावर बारीक रेघ उमटते, एकेरी कडक तार नेमकी तिथेच मोडते, आणि सुट्या तारांच्या केबलमध्ये दोन-चार तारा त्याच वेळी तुटून पडतात. सुट्या तारा बोटाने हलकेच सरळ करून एकत्र ठेवा, कडक पीळ नको. लिव्हर उघडा, तार शेवटपर्यंत आत सारा, लिव्हर बंद करा. मग पारदर्शक भिंतीतून पाहा: टोक पट्टीच्या पुढे पोचलंय का, एखादी बारीक तार बाहेर दुमडून राहिली नाही ना. शेवटी तार धरून ओढा. हळूच नाही, नीट ओढा. सुटायची असेल तर आत्ता हातात सुटू दे.

विकत घेताना ठोकळ्यावरचे आकडे वाचा. त्यावर व्होल्ट, अँपिअर आणि किती जाडीची तार बसते ते लिहिलेलं असतं. ४ चौरस मिलिमीटरपर्यंतच्या, ३२ अँपिअरच्या कनेक्टरमध्ये घरातला जवळपास प्रत्येक जोड बसतो. काहीच छापलेलं नसेल तर तो परत ठेवा. दिसायला हुबेहूब असणाऱ्या ठोकळ्यात स्प्रिंग कसल्या पोलादाची आहे ते बाहेरून कळत नाही, आणि पैसे तर आपण त्या स्प्रिंगचेच देत असतो. लिव्हर नसलेले, तार नुसती आत खुपसायचे कनेक्टरही मिळतात. त्यातले बरेचसे फक्त एकेरी कडक तारेसाठी असतात. सुट्या तारांची केबल त्यात जाते, पण धरली जात नाही.

दुसरा चांगला मार्ग म्हणजे क्रिम्पिंग. तांब्याच्या छोट्या नळीत दोन्ही बाजूंनी तारा घालायच्या आणि ठरलेल्या पकडीने नळी चेपायची. चेप पक्की बसली की तार आणि नळी जवळपास एकजीव होतात. जागा फार कमी लागते, त्यामुळे अगदी आखूड टोकाला हा उपाय कामी येतो. पण सगळं यश हत्याराचं असतं. खटक्याची क्रिम्पिंग पकड पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही, तिच्यावर विश्वास ठेवावा. साध्या पकडीने किंवा दाताच्या पकडीने नळी चेमटवली तर ती चेपलेली दिसते, पण तिच्यात दाब नसतो. वरून हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी, चढवायची असेल तर ती जोड करण्यापूर्वी तारेत ओवून ठेवा. हे प्रत्येक जण एकदा तरी विसरतो.

स्क्रूच्या कनेक्टर पट्ट्या जुन्या आणि सर्वत्र मिळणाऱ्या. कडक तारेला ठीक आहेत. सुट्या तारांवर स्क्रूचं टोक थेट टेकलं की तो काही तारा कापतो, काही बाजूला ढकलतो. म्हणून आधी टोकाला फेरूल, म्हणजे चेपायची छोटी नळी, चढवावी. टोकाला डाख देऊन ते कडक करायची सवय अनेकांना असते. ती मोडायला हवी. कथिल दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला होतो, आणि मग वर सांगितलेलं सगळं चक्र सुरू.

डाखाचं स्वतःचं स्थान आहे. तार आधी पिळाने भक्कम बांधायची आणि मग डाख द्यायचा, हा क्रम तारायंत्राच्या काळापासूनचा. ‘वेस्टर्न युनियन’ नावाचा जोड, ज्यात दोन्ही टोकं एकमेकांभोवती घट्ट वेटोळी घेतात, तो ताण सोसण्यासाठी त्याच काळात रूढ झाला. नियमही तेच सांगतात: डाखाशिवायही जोड टिकला पाहिजे, डाख त्यावरची भर. पण नेहमीचं कथिल-शिशाचं मिश्रण १८३ अंशांपासूनच वितळू लागतं, शिवाय भिंतीतल्या आखूड टोकांवर गरम इस्त्री धरणं हे शेजारच्या आवरणांसाठी धोक्याचं. घरातल्या पेटीत त्याची गरज आता उरलेली नाही. काही देशांत तारांवर फिरकीसारखी टोपी पिळून बसवतात. १९१४ मध्ये कॅनडात विल्यम मार यांनी डाखाविना जोडणारा कनेक्टर काढला, तिथे आजही त्याला त्यांच्या नावावरून ‘मॅरेट’ म्हणतात. योग्य मापाची टोपी पक्की बसते, चुकीच्या मापाची नुसती झाकण होऊन राहते.

तार अॅल्युमिनियमची निघाली तर थांबा. चांदीसारखा रंग दिसला म्हणजे अॅल्युमिनियमच असं नाही, जुन्या तांब्यावर कथिलाचा मुलामा असतो, म्हणून टोक खरवडून आतला रंग पाहा. अॅल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि तो थर करंट जाऊ देत नाही. तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, दाबाखाली जास्त सरकतं, आणि ओलाव्यात तांब्याला टेकलं तर गंजतं. या दोघांना सरळ एकमेकांवर पिळणं म्हणजे बिघाड पेरून ठेवणं. त्यासाठी खास बनवलेले कनेक्टर असतात. हे काम मी तरी जाणकार वायरमनकडेच देईन.

फेजच्या जोडाकडे सगळे लक्ष देतात, न्यूट्रल आणि अर्थिंग उरकून टाकतात. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो, त्यामुळे तिथला ढिला जोड तितकाच तापतो. तो पूर्ण तुटला तर आणखी वाईट: उपकरण बंद दिसतं, पण त्याच्या आत फेज पोचलेलाच असतो, आणि बंद आहे म्हणून आपण हात घालतो. अर्थिंगच्या जोडाची गोष्ट वेगळीच. तो तुटला तरी काहीही बंद पडत नाही. ज्या दिवशी यंत्राच्या पत्र्यावर वीज उतरते त्याच दिवशी तो नाही हे कळतं. म्हणून अर्थिंगची तार आखूड असेल तर ती आधी वाढवा, आणि तिला सर्वांत चांगला कनेक्टर द्या.

जोड कुठे ठेवायचा

पेटीत. भिंतीत प्लास्टरखाली नाही, पाइपाच्या आत नाही, छताच्या पोकळीत लोंबकळत नाही. जोडाला झाकण हवं आणि ते झाकण उघडता यायला हवं, बहुतेक देशांचे नियम हेच सांगतात. पाइपात जोड असला की पुढे कधी तार ओढली तर तो अडकतो किंवा आतल्या आत सुटतो, आणि कुठे सुटला हे शोधायला भिंत फोडावी लागते. पेटी आधीच भरलेली असेल तर कनेक्टर कोंबू नका. सॉकेट बसवताना मागून रेटा लागला की तारा वाकतात, आवरणं स्क्रूच्या टोकांवर घासतात. खोल पेटी घ्या किंवा शेजारी दुसरी बसवा.

टेबलफॅनची किंवा इस्त्रीची लवचिक केबल हा निराळा विषय आहे. ती हलते, ओढली जाते, पायाखाली येते. तिच्यात मध्येच जोड देऊ नये. पूर्ण केबल बदलावी, किंवा लांबीची गरज असेल तर योग्य जाडीचा एक्स्टेंशन वापरावा. तोही पूर्ण उलगडून, कारण गुंडाळलेल्या केबलला उष्णता बाहेर टाकायला जागा राहत नाही.

काम झाल्यावर मीटरच्या ‘बीप’वर समाधान मानू नका. बीपसाठी मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. केबलमधली एकच बारीक तार टेकलेली असली तरी बीप तसाच वाजतो. खरी परीक्षा भाराची. त्या सॉकेटवर घरातलं सगळ्यात जड, पण त्या सॉकेटला झेपणारं उपकरण अर्धा-पाऊण तास चालवा. मग मेन बंद करा, वीज नाही हे तपासा, पट्टी काढा आणि कनेक्टरला बोट लावा. तार आणि कनेक्टर सारखेच कोमट लागायला हवेत. कनेक्टर तारेपेक्षा गरम लागला तर तो जोड उकला आणि पुन्हा करा. पुढेही काही खुणा ध्यानात ठेवा: जड उपकरण चालू होताना दिवा लुकलुकणं, प्लेटवर पिवळट डाग, बारीक चरचर, आणि मासळीसारखा उग्र वास, जो तापलेल्या काही प्लास्टिकला येतो. यातलं काहीही आढळलं तर त्या दिवशीच सर्किट बंद करा.

पट्टी परत लावण्यापूर्वी मी आता एक करतो. तिच्या मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो: ‘फेज आणि न्यूट्रल वाढवले आहेत, लिव्हर कनेक्टर’, आणि खाली तारीख. आमच्या गीझरच्या सॉकेटमागे असं काही लिहिलेलं असतं, तर प्लग बदलायच्या आधी मी पट्टी काढली असती.